लेकरे लहान असताना कल्पित जग मनात कसे धरून ठेवावे?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. गेली अडीच वर्षे मी एक विज्ञान कादंबरी लिहीत आहे. तिच्या सातव्या प्रकरणापाशी मी अशी अडले आहे की, मुले लहान असताना ज्यांनी विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहिल्या आहेत अशा कोणाला तरी विचारल्याशिवाय पुढे जाता येईल असे वाटत नाही. मोठी मुलगी साडेचार वर्षांची आहे, धाकटा चौदा महिन्यांचा. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. यजमान सोमवार ते शनिवार कामासाठी नांदेडला असतात. सासूबाई सोबत आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांना झेपते त्याहून जास्तच त्या करतात. लिहायला वेळ मिळत नाही अशी माझी तक्रार नाही. पहाटे साडेचार ते सव्वापाच, दुपारी धाकटा झोळीत झोपला तर वीस मिनिटे, आणि नळाला पाणी येते त्या रात्री टाकी भरेपर्यंत जागावेच लागते तेव्हा पाऊण तास, एवढे तुकडे हाती लागतात.

अडचण वेगळीच आहे. पूर्वी मी गावाकडच्या, घरातल्या माणसांच्या कथा लिहीत असे, तेव्हा वीस मिनिटांतही काम होई, कारण त्या कथेतले जग मला उभे करावे लागत नसे. माळवदाचे घर, बारव, एस.टी.चा थांबा, वेळ अमावस्येला शेतात नेलेली भज्जी आणि आंबील, हे सारे माझ्या आणि वाचकाच्या मनात आधीपासून असते आणि मी वही मिटली तरी जागच्या जागी राहते. कल्पित जग मात्र लिहिणाऱ्याने धरून ठेवले तेवढाच वेळ टिकते. माझी कादंबरी तीनशे वर्षांनंतरच्या गोदावरी खोऱ्यात घडते. तिथे प्रत्येक विहिरीच्या पाण्याचे वय, म्हणजे ते जमिनीत मुरून किती वर्षे झाली ते, मोजले जाते आणि पाणी जितके जुने तितका त्याच्या उपशाचा कर जास्त असतो. या एका नियमातून त्या समाजाची लग्ने, भांडणे, देवस्थाने असे सगळे निघते. दोन दिवस वहीला हात लागला नाही की यातले निम्मे हरवते, आणि मिळालेल्या वीस मिनिटांतली पंधरा ते पुन्हा गोळा करण्यात जातात. मागच्या महिन्यात सगळे सलग वाचले तेव्हा दिसले की, तिसऱ्या प्रकरणात माझी नायिका लाल गेरूच्या थरातून पाणी काढते आणि सातव्या प्रकरणात तिचाच भाऊ तोच थर पाणी अडवणारी भिंत म्हणून वापरतो. या दोन प्रकरणांमध्ये चार महिने गेले होते, आणि मी भूगोलाची शिक्षिका आहे. फार वाईट वाटले.

दुसरा प्रश्न विचारताना संकोच होतो. नवव्या प्रकरणात एका रात्रीत पूर येऊन खोऱ्यातले एक गाव बुडते आणि त्यात एक लहान मुलगी हाती लागत नाही, असा आराखडा मी सुरुवातीलाच केला होता. आता त्या मुलीचे वय आणि माझ्या मुलीचे वय एकच झाले आहे आणि मला ते प्रकरण लिहवत नाही. पेन उचलले की मी उठून तिच्या अंगावरचे पांघरूण नीट करून येते. आई झाल्याने लेखक म्हणून मी दुबळी झाले आहे का? नातेवाईक सांगतात की आता मुलांसाठीच गोष्टी लिही. मुलांसाठी लिहिणे मला कमी प्रतीचे वाटत नाही, पण मला हेच पुस्तक लिहायचे आहे.

पूर्णाथडी (वसमत)

ताई, आपली चूक गेरूच्या थरात झाली, माझी मंगळावर झाली होती. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या जवळ असतात तेव्हा संदेश पोहोचायला सुमारे ३ मिनिटे लागतात आणि सर्वांत दूर असतात तेव्हा सुमारे २२. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर ऐकायचे तर ६ ते ४४ मिनिटे थांबावे लागते. माझ्या कथेचा सगळा पायाच हा होता. परभणीतली आई आणि मंगळावरचा मुलगा यांच्या बोलण्यात जो खंड पडतो त्यात ती भाकरी थापते, चूल सारवते आणि मग उत्तर ऐकते, असे मी योजले होते. तरीही पाचव्या पानावर ती मुलाचे वाक्य मध्येच तोडून बोलते. ते पान मी धाकटीला ताप होता त्या रात्री, तिला खांद्यावर घेऊन, एका हाताने लिहिले होते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी तेवढी एक ओळ अधोरेखित करून कथा परत पाठवली.

त्यानंतर मी एक नियमवही केली. तिच्यात जगाचे वर्णन लिहायचे नाही हे पथ्य मी पाळतो, कारण वर्णन लिहायला बसलो की तेच लिहिण्याचे समाधान मिळते आणि कथा तिथेच राहते. त्या वहीत फक्त या जगात काय घडू शकत नाही तेवढेच लिहितो. 'उत्तर ६ मिनिटांच्या आत येऊ शकत नाही.' 'बाहेर पडलेला माणूस चेहऱ्याला हात लावू शकत नाही.' असे दहा-बारा नकार एका पानावर मावतात आणि ते वाचायला दीड मिनिट लागते. जगात काय काय आहे याची यादी कधी संपत नाही. काय होऊ शकत नाही याची यादी मात्र संपते, आणि लेखकाची चूकही बहुधा तिथेच होते. आपल्या वहीची पहिली ओळ गेरूची असावी, मग ती कोणत्याही बाजूने ठरवा.

दुसरी गोष्ट सांगायला आमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेतो. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घटनांनी उठणारे अतिसूक्ष्म तरंग, टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा, म्हणजे सरळ लांब नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असतील. अशाच वेधशाळांनी अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. तेव्हा त्या ४ किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कित्येक पट लहान होता. एवढे सूक्ष्म मोजायचे तर भोवतालची जमीन अगदी स्तब्ध असली पाहिजे असे आपल्याला वाटते, पण जमीन कधीच स्तब्ध नसते. मालमोटारी जातात, वारा सुटतो, दूरच्या समुद्राच्या लाटांनीही ती हलते. म्हणून तिथे जमिनीची हालचालही सतत मोजतात आणि ती मोजली गेली असल्यामुळेच तिचा परिणाम काढून टाकता येतो. हे वाचल्यावर मी पंधरा दिवस घरातल्या व्यत्ययांची नोंद ठेवली: कोण, किती वाजता, कशासाठी. मला वाटत होते की व्यत्यय अखंड येतात. नोंदीत दिसले की रात्री सव्वानऊ ते दहा या वेळात पंधरापैकी अकरा रात्री कोणी हाक मारली नव्हती, आणि ती वेळ मी मोबाइल पाहण्यात घालवत होतो. आपल्याकडे तशी वेळ सापडेलच असे नाही. आपण आधीच पहाटे उठता. पण नोंद ठेवून पाहावी.

अमेरिकेतल्या त्या वेधशाळा दोन ठिकाणी, सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर ठेवल्या आहेत, कारण एकीच्या शेजारून मालमोटार गेली तर ती दुसरीला जाणवत नाही आणि खरी लहर दोघींना जाणवते. रात्री सुचलेली कल्पना मी दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना पुन्हा तपासतो. तिथेही ती उभी राहिली तरच नियमवहीत जाते.

काळा पाषाण (जालना)

मी कथा लिहीत नाही, वाचतो. भूजल सर्वेक्षणाच्या कामात एकोणीस वर्षे आहे म्हणून फक्त गेरूपुरते लिहितो.

आपल्याकडचा बसाल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. दोन थरांच्या मध्ये काही काळ गेला तेव्हा खालच्या थराचा पृष्ठभाग झिजून, वरच्या तप्त लाव्ह्याने भाजून लाल झाला; तोच गेरू. तो चिकणमातीसारखा असतो, पाण्याने फुगतो आणि पाणी सहसा पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे आपल्या सातव्या प्रकरणातला भाऊ बरोबर आहे. मात्र वरच्या भेगाळलेल्या खडकातून झिरपत आलेले पाणी गेरूवर येऊन थांबते आणि उतार मिळाला तर त्याच्या माथ्यावरून आडवे वाहते. विहीर खणताना लाल माती लागली की तिच्या वरच्या अंगाला पाझर दिसतो, हे जुन्या विहीर खोदणाऱ्यांना चांगले माहीत असते. नायिकेला पाणी गेरूतून न मिळता गेरूच्या माथ्यावर मिळाले, एवढाच बदल केला तर दोन्ही प्रकरणे खरी ठरतात. शिवाय तिचा भाऊ तो थर फोडेल तर वरचे पाणी खाली निघून जाईल आणि तिची विहीर आटेल. आमच्या कामात खोल कूपनलिका घेतल्यावर शेजारची उथळ विहीर गेली, अशी भांडणे नेहमी ऐकावी लागतात.

अंबानगरी (अंबाजोगाई)

बाळ, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी लिहिते. माझ्या दोन्ही मुली आता आपापल्या संसारात आहेत, म्हणून मी जे सांगते ते आठवून सांगते आहे आणि आठवणीत कष्ट थोडे कमी दिसतात, हे ध्यानात ठेवून वाच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मोठी दोन वर्षांची होती. आदल्या रात्री गणपती विसर्जनाला जागून सगळी गाढ झोपली होती. किल्लारीकडे काय झाले ते तुम्हा लातूरकरांना मी सांगायला नको. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचा भार, घरेच माणसांवर आली. आमच्याकडे घर हादरले, भिंतीला भेग गेली, जीव वाचले. पुढचा महिना-दीड महिना आम्ही अंगणात झोपलो. हादरा आला तर आवाज व्हावा म्हणून पितळेचे दोन पेले एकावर एक उपडे करून उशाशी ठेवायचे आणि मग लेकराला कुशीत घ्यायचे, अशी सवय लागली. त्याच्या आधीच्या वर्षी माझी एक विज्ञानकथा छापून आली होती. तिच्यात मी एक अख्खे शहर एका वाक्यात नष्ट केले होते. त्या वाक्याचे तेव्हा कौतुकही झाले होते. अंगणात झोपताना मला ते वाक्य आठवे आणि लाज वाटे.

म्हणून मला विचारशील तर तू दुबळी झालेली नाहीस. पूर्वी तुला ते दृश्य लिहिता येत होते, कारण त्या मुलीला वजन नव्हते. आता तिला वजन आले आहे. मला पुन्हा अशा विषयावर लिहायला सहा वर्षे लागली, आणि लिहिले तेव्हा नष्ट झालेल्या वस्तीचे वर्णन मुळीच केले नाही. दुसऱ्या एका ग्रहावरची वस्ती, तिथली एक आजी, आणि रोज रात्री ती उशाशी एकावर एक ठेवते ते दोन पेले, एवढीच कथा होती. पेले एकदाही वाजत नाहीत. वाचकांची जी पत्रे आली त्यांत बऱ्याच जणांनी तेच लिहिले होते की, आम्हीही तसेच झोपत होतो.

इंग्रज लेखिका मेरी शेली हिने 'फ्रॅन्केन्स्टाइन' ही कादंबरी लिहायला घेतली ती १८१६ च्या उन्हाळ्यात, तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तिचा मुलगा पाच महिन्यांचा होता. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या आदल्या वर्षी तिची पहिली मुलगी जन्मून थोड्याच दिवसांत गेली होती, आणि तिने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवून ठेवले होते: बाळ फक्त गारठले होते, आम्ही त्याला शेकोटीपुढे चोळले आणि ते जिवंत झाले. मेलेल्या देहात प्राण आणणाऱ्या माणसाची गोष्ट तिने पुढे लिहिली. पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी छापून आले तेव्हा तिच्या मांडीवर चार महिन्यांची आणखी एक मुलगी होती. ज्या पुस्तकापासून विज्ञानकथेची सुरुवात मानतात, ते अशा घरात लिहिले गेले आहे. तिने भीतीला दार बंद केले नाही, पण ती जशी आली तशी कागदावर ओतलीही नाही. तिला दुसरा देह दिला. तूही ते पांघरूण नीट करून येण्याचे जे लिहिले आहेस, ते आधी लिहून काढ. नवव्या प्रकरणात पूर दाखवायचा की पुराच्या आदल्या रात्री पांघरूण नीट करणारा हात दाखवायचा, हे त्यानंतर ठरव. एवढेच कर की ते प्रकरण पहाटे एकटीने लिहू नकोस. यजमान घरी असतील त्या रविवारी, उजेडात लिही, आणि लिहून झाले की मुलांना घेऊन बाहेर जा.

आता वेळेबद्दल. पूर्णाथडी यांनी रात्रीची पाऊण तास जागा शोधून काढली ते चांगले केले, पण पंधरापैकी अकरा रात्री त्यांना कोणी हाक मारली नाही याचा अर्थ त्या वेळी मुलींना दुसरे कोणीतरी झोपवत होते. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली तेव्हा स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतले. ही हकीकत आपण सगळे आवडीने सांगतो. मंगलाताई स्वतः गणिती होत्या, त्यांनी संसार सांभाळत १९८१ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. मला त्या हस्तलिखिताची आठवण येते तेव्हा दोघांच्या नात्याबद्दल आदर वाटतोच, आणि आपल्या घरात प्रत उतरवून देणारा हात कोणाचा आहे, हा प्रश्नही पडतो. अमेरिकेतल्या विज्ञानकथा व अद्भुतकथा लेखिका अर्सुला ले ग्विन यांना तीन मुले होती. धाकटा १९६४ मध्ये जन्मला आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या दोन कादंबऱ्या १९६८ व १९६९ मध्ये आल्या. त्या मुले झोपल्यावर लिहीत, आणि नवऱ्याने घरातले काम वाटून घेतले नसते तर हे झाले नसते, असे त्यांनी स्वतःच स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. तुझे यजमान आठवड्यातून एक दिवस घरी असतात. त्या एका दिवसातले तीन तास माग. सहज सापडले तर बघू, असे म्हणू नकोस. वार आणि वेळ ठरवून माग. मी मागायला फार उशीर केला आणि मागितल्यावर कळले की घरच्यांना ते कधी सुचलेच नव्हते.

बिंदुसरा (बीड)

झोळीला झोका देताना एक हात अडकलेला असतो तेव्हा मी मोबाइलवर मराठीत बोलून लिहिते. आवाज अगदी हळू ठेवला तरी बऱ्यापैकी उमटते. विरामचिन्हे जवळपास नसतात आणि कल्पित नावे तर हमखास चुकतात. माझ्या कथेतल्या 'व्योमिका' या यानाचे दर वेळी काहीतरी वेगळेच होते. त्यावर उपाय म्हणून बोलताना यानाला 'गाडी' आणि नायकाला 'दादा' म्हणते आणि दुरुस्तीच्या वेळी बदलते. संवाद असे बोलून फार चांगले उतरतात. नियम किंवा गणित असेल ते मात्र हातानेच लिहावे. बाळ दचकेल म्हणून तोफा, स्फोट वगैरे कुजबुजत सांगावे लागतात, आणि माझ्या अनुभवाने ते प्रसंग कागदावरही जास्त संयत उतरतात.

तेरणा (धाराशिव)

मी तीन वर्षे पूर्ण थांबले होते, तेही येथे कोणीतरी सांगावे म्हणून लिहिते. मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मला, त्याचे वजन वाढेपर्यंत मनात दुसरे काही शिरत नव्हते. त्या काळात मी अद्भुतकथेची एक ओळही लिहिली नाही. परत आले तेव्हा अर्धी राहिलेली कादंबरी मला परकी वाटली आणि ती मी सोडून दिली. त्याचे दुःख झाले, अजूनही होते. पण पुढची जी सुचली ती पूर्ण झाली. ताईंना थांबायचे नाही हे त्यांच्या पत्रावरून स्पष्ट दिसते, तेव्हा हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला थांबावे लागले असेल तर त्यांच्यासाठी आहे.

नाथसागर (पैठण)

नियमवहीचा उपयोग मला मान्य आहे, तरी तिच्यावर सगळा भार टाकू नये असे वाटते. पूर्णाथडी यांची वही चूक टाळते. वीस मिनिटांत कुठे हात घालावा, हे ती सांगत नाही, आणि ताईंची पंधरा मिनिटे नेमकी तिथेच जात आहेत.

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल आपल्याकडे एक कथा आहे; कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'मध्ये ती येते. राजा आजारी पडला तेव्हा राणीने नवस बोलला की तो बरा झाला तर शिवाचे मंदिर बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. शिखर तयार व्हायला वर्षे लागतील असे सर्व कारागीर म्हणाले. तेव्हा आमच्या पैठणचा कोकस पुढे आला आणि आठवड्याच्या आत शिखर दाखवतो म्हणाला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात केली, त्यामुळे शिखर सर्वांत आधी झाले आणि राणीचा उपवास सुटला. कथा कथेच्या जागी असो. लेणे खरोखरच वरून खाली कोरलेले आहे, हे त्याच्यासमोर उभे राहिले की कळते.

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना मला हे फार उपयोगी पडले. त्याआधी मी पहिल्या पानापासून क्रमाने लिहीत असे, म्हणजे दर वेळी बसल्यावर मागचे सगळे आठवून मग पुढचे पाऊल टाकावे लागे. मग मी शेवटचा प्रसंग आधी लिहिला, तोही पूर्ण, पक्का, जणू उद्याच छापायला द्यायचा आहे असा. त्यानंतर कधीही, कितीही मिनिटांसाठी बसलो तरी वर पाहिले की शिखर दिसे आणि या क्षणी कोणता दगड काढायचा ते कळे. माझ्या कथेत दौलताबादच्या अंधारीसारखा एक मार्ग होता, ज्यातून जाणाऱ्याला स्वतःचे नाव विसरावे लागते. शेवटी नायक बाहेर येतो तेव्हा त्याला त्याची बहीण हाक मारते आणि तो वळत नाही, एवढे मी आधी लिहून ठेवले होते. मधल्या अकरा प्रकरणांत मी कोणतीही तीन मिनिटे वाया घालवली नाहीत असे म्हणणार नाही, पण कुठे चाललो आहे हे एकदाही विसरलो नाही. वरून कोरण्यात एक धोका आहे, तोही सांगतो. काढलेला दगड परत लावता येत नाही. शेवट पक्का केल्यावर मधल्या एखाद्या पात्राने वेगळे वळण घेतले तर लेखक त्याला ओढून आणू पाहतो. माझ्या एका पात्राचे तसे झाले आणि ते पात्र पुस्तकात अजून लाकडासारखे उभे आहे.

नातेवाईकांच्या सल्ल्याबद्दल थोडे. याच पैठणच्या, म्हणजे प्रतिष्ठानच्या, राजसभेतल्या गुणाढ्याने पैशाची या प्राचीन प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' रचली आणि राजाने ती नाकारली, अशी आख्यायिका आहे. मग त्याने रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकले. जनावरे चरणे सोडून ऐकत राहिली. राजाला हे कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते आणि एकच लाख उरले. विद्याधर, वेताळ, उडती याने असलेल्या कथांचे एवढे मोठे भांडार आपल्याच गोदाकाठचे मानले जाते, आणि ते लहान मुलांसाठी रचलेले नव्हते. हे सासरच्या मंडळींना जरूर सांगावे.

मांजराकाठ (लातूर)

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार कसे मानावेत ते कळत नाही. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण मधे धाकट्याला दात येत होते.

काळा पाषाण यांचे पत्र वाचून मी त्याच पहाटे तिसरे प्रकरण काढले. नायिका आता विहिरीच्या आतल्या अंगाला पायऱ्यांवर उभी राहून लाल थराच्या माथ्यावर बोट ठेवते आणि बोट ओले होते. बदल फक्त दोन परिच्छेदांचा झाला. पण भाऊ तो थर फोडील तर बहिणीचे पाणी खाली जाईल, हे मला सुचलेच नव्हते आणि आता ते कादंबरीचे मर्मच झाले आहे. खालचे पाणी जुने, म्हणून त्याला कर जास्त. तिचे तरुण पाणी एका रात्रीत त्या जुन्या पाण्यात मिसळले तर मिश्र पाण्याचे वय कोणते धरायचे, यावरून माझ्या पंचायतीत दोन तट पडतील. काळा पाषाण यांना एक विचारायचे आहे: थर फुटल्यावर वरची विहीर आटायला तास लागतील, दिवस लागतील की एक अख्खा उन्हाळा? प्रत्यक्षात जे घडते त्याच्याशी मी प्रामाणिक राहू इच्छिते.

नियमवही केली. तिच्यात सध्या नऊ नकार आहेत. मुलीने विचारले की हे काय लिहितेस, तर सांगितले की गोष्टीतल्या गावात काय काय करता येत नाही ते लिहिते आहे. तिने थोडा विचार करून सांगितले की तिथे 'रात्री आईला उठता येत नाही' असेही लिही. तो दहावा नियम मी लिहिलेला नाही, पण त्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.

यजमानांशी फोनवर बोलले. अंबानगरीकाकू, आपण म्हणालात तसेच झाले. ते म्हणाले की हे आधी का नाही सांगितलेस. रविवारी सकाळी आठ ते अकरा ठरले आहे. पहिल्या रविवारी पाहुणे आले म्हणून दीडच तास मिळाला. त्या दीड तासात मी नाथसागर यांचे ऐकून शेवटचे प्रकरण लिहायला घेतले आणि निम्मे झाले. नवव्याला अजून हात लावलेला नाही. पांघरुणाची चार वाक्ये मात्र वेगळ्या कागदावर लिहून नियमवहीत ठेवली आहेत.